बोट बघून सांगते

भाचीचं म्हणणं दोन वाक्यांचं होतं. "आई, तू नाही म्हणालीस तर मी जाणार नाही. पण बघून नाही म्हण, ऐकून नको."

भाची म्हणजे मृण्मयी, घरात मनू. वय तेवीस. हॉटेल मॅनेजमेंट करून ती ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या एका हॉटेलात हाउसकीपिंगला आहे. तिला एका परदेशी क्रूझ कंपनीत नोकरी मिळाली होती. काम तेच, खोल्या लावण्याचं. फक्त बोटीवर, आणि एका वेळी आठ महिने. भरती करणाऱ्या एजन्सीला सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत होकार कळवायचा होता. तिचे वडील अरविंद भावोजी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून शिफ्ट इनचार्ज म्हणून गेल्या वर्षी निवृत्त झाले. ते पहिल्याच दिवशी हो म्हणाले होते. आई, म्हणजे माझी थोरली बहीण शुभाताई, हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. "बोटीवर म्हणजे कुठे?" एवढंच ती विचारायची. "ठाण्याला असली की मला कळतं ठाण्याला आहे."

मग मनूनेच आई-बाबांसाठी मुंबई-गोवा-मुंबई अशी तीन रात्रींची क्रूझ शोधून काढली. बोट तिच्या कंपनीची नव्हे. देशातल्या देशात फिरणारी, स्वस्तातली आणि बरीच जुनी. त्यामागे तिचा विचार होता. "महागड्या बोटीवर काम दिसत नाही, मावशी. स्वस्त बोटीवर सगळं दिसतं." तिला स्वतःला सुट्टी नव्हती. खोलीत तिसरा बिछाना जवळजवळ फुकट मिळत होता, म्हणून मी. मी नौपाड्यात राहते. वर्तमानपत्राच्या डेस्कवर सव्वीस वर्षं काढली. वही जवळ ठेवायची सवय आहे. पुढचं बरंचसं त्या वहीवरून.

शुक्रवार, बॅलार्ड पिअर

बोटीवर चढणं विमानतळासारखंच असतं, फक्त माणसं जास्त खुशीत असतात. सामानाला पट्टे लावून ते वेगळ्या वाटेने जातं. प्रत्येकाचा फोटो काढून एक कार्ड देतात. तेच कार्ड खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र. ते हरवलं तर बंदरातून परत चढू देत नाहीत, असं तीनदा बजावलं गेलं.

तपासणीच्या यंत्रापाशी शुभाताईची पिशवी अडकली. आत एक मोठा स्टीलचा डबा होता. सुरक्षा तपासणीवर उभी असलेली बाई मराठीच होती.

"मावशी, बाहेरचं खाणं चालत नाही."

"बाहेरचं कुठे? घरच्या दशम्या आहेत. आणि शेंगदाण्याची चटणी."

"तेच. इथे टाका, नाहीतर इथे संपवा."

अन्न टाकण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही तिघं भिंतीलगतच्या बाकावर बसलो. भावोजींनी पाच दशम्या खाल्ल्या, मी दोन. उरलेल्या शुभाताई रांगेतल्या लोकांना वाटू लागली. एक उंच, सावळे, पांढऱ्या शर्टातले गृहस्थ सतरा माणसांचं कुटुंब घेऊन उभे होते. त्यांनी दोन घेतल्या. बाळाराम पाटील, डोंबिवलीजवळच्या एका जुन्या गावातले. त्यांच्या वडिलांच्या जागेवर आता सात इमारती उभ्या आहेत, हे त्यांनी चटणी संपायच्या आत सांगितलं.

"ताई, हातान काय जादू हाय तुमच्या," ते म्हणाले. "आता तीन दिस बोटीवरचा खायाचा, काय खाया घालतान कुनास ठाव."

आमची खोली खालच्या मजल्यावर, आतल्या बाजूला होती. तिला खिडकी नव्हती. सगळ्यात स्वस्त खोल्या अशाच असतात. दिवा मालवला की दिवस आहे की रात्र, कळत नाही. त्यावर उपाय म्हणून बोटीच्या पुढच्या टोकावरच्या कॅमेऱ्याचं चित्र टीव्हीच्या एका चॅनेलवर अखंड दाखवतात.

"म्हणजे समुद्रात येऊन टीव्हीवर समुद्र बघायचा," शुभाताई म्हणाली.

"दिवा स्टेशनाजवळ एवढ्या जागेत चार माणसं राहतात," भावोजी म्हणाले. "आणि त्यांना टीव्हीवर समुद्र पण नाही." त्यांनी भिंतीला तळहात लावला, डोळे मिटले आणि थोड्या वेळाने पसंतीची मान हलवली. "व्हायब्रेशन नाहीच म्हण ना. मेंटेनन्स बरा आहे."

शुभाताईची पाहणी वेगळी होती. तिने न्हाणीघरातला नळ सोडून धार बघितली, बंद करून परत सोडली. उशीचा अभ्रा हुंगला. दाराची कडी आतून दोनदा लावून काढली. माझा बिछाना भिंतीतून खाली ओढायचा होता आणि त्यावर शिडीने चढायचं होतं. त्या शिडीची प्रत्येक पायरी तिने हलवून पाहिली. प्रवाशाची नजर अशी नसते.

पाच वाजता दारावर टकटक झाली. काळी पँट, राखाडी कुर्ता, छातीवर नावाची पट्टी. "सुलक्षा. मी तुमची केबिन अटेंडंट." वय तीसच्या आसपास, बोलण्यात गोव्याचा हेल. तिने लाइफ जॅकेट कुठे आहेत ते दाखवलं. मग दाराला अडकवायची पाटी दाखवली. एका बाजूने हिरवी, म्हणजे खोली साफ करा. दुसऱ्या बाजूने लाल, म्हणजे येऊ नका.

"अशा किती खोल्या तुझ्याकडे?" शुभाताईने विचारलं.

"अठरा, मॅडम."

"एकटीने?"

"एकटीने. दिवसातून दोनदा."

सुलक्षा गेल्यावर शुभाताई बंद दाराकडे थोडा वेळ बघत राहिली. "मनूला तिथेही अठराच असतील," ती म्हणाली.

निघण्याआधी सगळ्यांना नारिंगी जॅकेट घालून डेकवर रांगेत उभं करतात. आपत्तीत काय करायचं त्याची तालीम. बहुतेक प्रवासी फोटो काढत होते. भावोजी मात्र खरोखर आनंदात होते. कारखान्यात तीस वर्षं दर तिमाहीला त्यांनी अशा तालमी घेतल्या होत्या. पट्टा उलटा बांधलेल्या एका तरुणाला त्यांनी तो सोडून नीट बांधायला लावला. सूर्य मावळायच्या सुमारास बोट हलली. हलली हे पायांना कळलं नाही. गोदीच्या क्रेन मागे सरकू लागल्या तेव्हा कळलं.

शनिवार, मुरगाव

सकाळी सहाला शुभाताईने माझ्या बिछान्याची कड ठोठावली.

"उतर खाली. अंथरूण काढायचंय."

"ती येईल ना काढायला."

"आपलं निजलेलं दुसऱ्याने का काढायचं? आणि अठरा आहेत तिला. एक तरी कमी होईल."

तिने तिन्ही चादरी काढून चौपदरी घड्या घातल्या आणि घरी ठेवते तशा पायथ्याशी एकावर एक रचल्या. उशा वर. चहाचे कप विसळून रुमालावर पालथे घातले. बेसिन पुसलं, कचऱ्याच्या पिशवीला गाठ मारली. वीस मिनिटांत खोली अशी झाली की कोणी राहत होतं याची खूण उरली नाही. मग तिने दाराला पाटी लावली, लाल बाजू बाहेर. मलाही ते बरंच वाटलं होतं.

दहाला बोट मुरगाव बंदराला लागली. बंदराच्या बसने फाटकापर्यंत नेतात, पुढे आपलं आपण. फाटकाबाहेर टॅक्सीवाले होते आणि भिंतीच्या सावलीत पाच-सहा बायका पिशव्या घेऊन बसल्या होत्या. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हांला विचारलं, "स्टाफ भायर आयलो?" आम्हांला माहीत नव्हतं. तसं सांगून आम्ही पुढे गेलो.

एका दिवसात गोवा बघता येत नाही, म्हणून आम्ही वास्कोच बघायचं ठरवलं. मासळीबाजार डोंबिवलीच्या बाजारापेक्षा शांत वाटला. इथे गिऱ्हाईकाला हाक मारत नाहीत, ते येईल याची खात्री असल्यासारखं बसून राहतात. शुभाताईने बांगड्याचे कल्ले उघडून बघितले, भाव विचारला, आणि विकत घेता येत नाही म्हणून खंत करत पुढे गेली. जेवलो एका साध्या खानावळीत. भात, तिसऱ्यांचं सुकं, सुक्या कोलंबीची कोशिंबिरीसारखी किस्मूर आणि सोलकढी. आपल्याकडे मालवणी म्हणून जे मिळतं त्यापेक्षा तिखट कमी, आंबटपणा जास्त. नारळ किती घातला आहे यावर शुभाताई आणि वाढणारी बाई यांच्यात बराच वेळ चर्चा झाली आणि दोघी आपापल्या मतावर कायम राहिल्या.

भावोजी नवीन जास्वंदीच्या फुलांच्या शर्टात होते. त्या शर्टाला खिसा नव्हता. हे त्यांना टॅक्सीत बसल्यावर कळलं, कारण बोटीचं कार्ड कुठे आहे ते आठवेना. त्यांचा चेहरा उतरला. टॅक्सी वळवायला सांगणार तोच खानावळीचा मालक स्कूटरवरून आला. मागे त्यांच्या वाढणाऱ्या बाई बसल्या होत्या आणि कार्ड त्यांच्या हातात होतं. "फोटोत तुम्ही हसता," त्या भावोजींना म्हणाल्या, "जेवताना नाय हसलात." आभार ऐकायला ते थांबले नाहीत.

चारला परत आलो. लाल पाटी जागेवर होती. दाराखालून एक चिठ्ठी सरकवलेली: आपल्या सूचनेनुसार आज खोलीची सेवा करता आली नाही.

"बघ," शुभाताई म्हणाली. "सुटली बिचारी तेवढी."

साडेचारला टकटक झाली. एक सुपरवायझर, मागे सुलक्षा. सुरक्षेसाठी खोली बघायची आहे, असं तो नम्रपणे म्हणाला. आत येऊन त्याने छताचा धूरसूचक बघितला, न्हाणीघर बघितलं, घड्या घातलेल्या चादरी बघितल्या. "आमच्या स्टाफबद्दल काही तक्रार, मॅडम?"

"नाही, नाही. मुळीच नाही," शुभाताई म्हणाली.

त्याने हातातल्या टॅबवर काहीतरी नोंदवलं. सुलक्षा चादरींच्या घड्यांकडे बघत होती. दार लागल्यावर शुभाताई समाधानाने बसली. सुलक्षाला बरं वाटलं असेल, असा तिचा समज होता. माझाही तोच होता.

बोट सुटली तेव्हा वरच्या डेकवर बाळाराम पाटील कठड्याला टेकून उभे होते. शुभाताईने त्यांना मनूचं सांगितलं. दशम्या खाल्लेल्या माणसाशी ती मोकळेपणाने बोलू शकते.

"आमचा बापूस मिठागरान काम करी," ते म्हणाले. "दर्या आमी बांधावरशी बगला. आत कवा आलो नाय. आलो त आज." थोडं थांबून म्हणाले, "माजी पोर लगीन करून खाडीच्या पल्याड दिली. इथशी दिवा लावला त दिसल, एवढी जवल. तिची आय तीन दिस जेवली नाय. ताई, लांब-जवल काय नसता. पोर गेली म्हंजे गेली."

"म्हणजे पाठवू नको म्हणता?"

"मी कुठं बोललो? माजी सुकात हाय. आय पन आता जेवते."

रविवार, भर समुद्रात

दुसऱ्या दिवशीही शुभाताईने तेच केलं. चादरी, कप, बेसिन, लाल पाटी. आम्ही नाश्त्याला गेलो. डोशाची रांग लांब होती. माझा चष्मा खोलीत राहिला होता म्हणून मी एकटी खाली आले. आमच्या दारासमोर सुलक्षाची ढकलगाडी उभी होती आणि ती पाटीकडे बघत होती.

"मॅडम," ती म्हणाली, "एक विचारू? माझ्या कामात काय चुकलं?"

"काहीच नाही. का?"

"दोन दिवस तुम्ही मला आत घेतलं नाय. काल सगळं तुम्हीच केलेलं. काही गेस्टना आमचा हात लागलेला चालत नाय. तसं असलं तर सांगा. मी दुसरीला पाठवते."

मी तिला खरं कारण सांगितलं. तिने ऐकून घेतलं. हसली नाही. एवढ्यात शुभाताई मागून आली; तिचं कार्ड माझ्याकडेच राहिलं होतं आणि तिला शाल हवी होती. मी तिला सुलक्षाचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. शुभाताईचा चेहरा पांढरा पडला.

"हात लागलेला? अगं, शी! तुला वाटलं तरी कसं? मी तुझं एक काम कमी करायला गेले."

"मॅडम, लाल पाटीने काम कमी होत नाय," सुलक्षा म्हणाली. आवाजात राग नव्हता. नवीन मुलीला नियम समजावून सांगावा तशी ती बोलत होती. "खोली दिवसातून एकदा बघायलाच लागते. लाल पाटी असली तर सुपरवायझर बरोबर असल्याशिवाय दार उघडायचं नाय. तो चारनंतर मोकळा होतो. एक खोली राहिली तरी माझा सेक्शन पुरा होत नाय. सेक्शन पुरा नाय तर गेटपास नाय."

"गेटपास कशाला?"

"काल मुरगाव होतं ना. माझं घर वास्कोत. साडेबारा ते तीन मला सोडणार होते. आई गेटवर येते."

ढकलगाडीवरच्या बाटल्या बोटीबरोबर किंचित डुगडुगत होत्या.

"किती वेळ थांबली?" शुभाताईने विचारलं.

"तीनपर्यंत. मी फोन केला, पण ती गेली नाय. येशील, येशील म्हणत बसली."

"डबा आणला होता?"

"बांगड्याचं हुमण. वर आणू देत नाय. मग वॉचमनला दिला तिने."

फाटकाबाहेर आम्हांला प्रश्न विचारणाऱ्या बाई याच होत्या का, हे मी विचारलं नाही. शुभाताईनेही नाही. ती दारातच, उंबरठ्याच्या लोखंडी पट्टीवर बसली. अठ्ठावन्न वर्षांची बाई बोटीच्या बोळात जमिनीवर बसली म्हणून सुलक्षा घाबरली. "मॅडम, उठा. कॅमेरा आहे."

"मॅडम नको म्हणू," शुभाताई म्हणाली, आणि उठली. मग तिने पाटी उलटी केली. "आता माझ्यासमोर खोली लाव. मी काही करणार नाही. बघणार फक्त."

सुलक्षाला बारा मिनिटं लागली. शुभाताई दाराशी हात मागे बांधून उभी होती. मागे बांधलेल्या हातांची बोटं सारखी हलत होती. चादर एका झटक्यात पसरून कोपरे पाकिटासारखे आत सारणं. आरशाला कोरडं फडकं, बेसिनला निळं, कमोडला लाल, आणि लाल फडकं दुसऱ्या कशाला लागू न देता थेट वेगळ्या पिशवीत. ते बघून शुभाताईने पहिल्यांदा मान डोलावली. वरच्या बिछान्याची चादर घालताना सुलक्षा शिडीवर एका पायावर उभी होती आणि बोट कलत होती. तिचा दुसरा पाय भिंतीला कुठे टेकवायचा ते ठरलेलं होतं. तिथे रंग उडाला होता.

शेवटी तिने टॉवेलचा हत्ती करून बिछान्यावर ठेवला. "काल याच्या जागी तुमच्या घड्या होत्या," ती म्हणाली. "अशा घड्या लाँड्रीचं मशीन पण घालत नाय." आता ती थोडी हसली.

मग शुभाताईने मनूचं सांगितलं आणि प्रश्न विचारले. मी नोंद केली आहे ती अशी. झोप किती? सलग पाच तास, दुपारी दोन. खोली? दोघींची, पाण्याच्या पातळीखाली, दार आतून लागतं. जेवण? स्टाफचं वेगळं, भात रोज. ताप आला तर? डॉक्टर आहे, सुट्टी मिळते, पण तुझ्या खोल्या मैत्रिणींना लागतात म्हणून ताप अंगावर काढायची सवय लागते.

"आणि पुरुष?" शुभाताईने विचारलं. "त्रास?"

सुलक्षाने ढकलगाडीचा ब्रेक लावला. "आठ वर्षांत दोनदा. एकदा गेस्ट. त्याला पुढच्या बंदरात उतरवला. एकदा स्टाफमधला. त्याला वेळ लागला."

"किती?"

"तीन महिने. आधी मी सांगितलंच नाय, मग सांगितलं तर कागद फिरत राहिले. तीन महिने रोज त्याच्यासमोर बसून जेवले."

"आणि?"

"मग तो गेला. मी आहे."

शुभाताईने पुढचा प्रश्न विचारला. "आईने हो म्हटलं होतं तुला?"

"नाय. मी आलेच. अजून दर फेरीला विचारते, कधी सोडतेस. मी म्हणते, पुढच्या फेरीला सांगते. मग ती वाढते, मी जेवते, वेळ संपतो." तिने घड्याळ बघितलं. "आई हो म्हणाली नाय म्हणून काय अडलं, असं नाय. पण ती हो म्हणाली असती तर बरं झालं असतं. त्रास झाला तेव्हा तिलाच सांगता आलं नाय. ती म्हणाली असती, बघ, मी सांगत होते."

पुढची खोली बाकी होती. ती गेली.

शुभाताई शाल न घेताच निघाली, ती थेट स्वागतकक्षाकडे. "लिही," ती मला म्हणाली. "चूक आमची होती. शनिवारी पाटी आम्ही लावली. तिचं काम चोख आहे. तिच्या नावावर काही नोंद झाली असेल तर ती काढा. इंग्रजीत लिही, पण कमी-जास्त करू नको."

मी लिहिलं. चार ओळी झाल्या. काउंटरवरच्या तरुणाने त्या दोनदा वाचल्या. "मॅडम, ही तक्रार आहे की कौतुक? सिस्टीममध्ये दोनच ऑप्शन आहेत."

"तक्रार," शुभाताई म्हणाली. "माझ्याविरुद्ध."

"गेस्टविरुद्ध तक्रार गेस्टला करता येत नाही."

"मग मॅनेजरला बोलवा."

मॅनेजर आल्या. पंजाबी होत्या, मोठ्या डोळ्यांच्या, थकलेल्या. त्यांनी वाचलं, शुभाताईचं डोंबिवलीचं हिंदी शांतपणे ऐकलं, आणि कागदावर सही करून एक प्रत आम्हांला दिली. पुढच्या मुरगावच्या फेरीला सुलक्षाला अर्धा दिवस देण्याचा प्रयत्न करू, असं म्हणाल्या. 'प्रयत्न' हा शब्द शुभाताईने मला अधोरेखित करायला लावला.

जेवणाच्या वेळी भावोजींना सगळं सांगितलं. सकाळी ते इंजिनाच्या माहितीच्या कार्यक्रमाला गेले होते आणि सांगण्यासारखं बरंच घेऊन आले होते. ते राहून गेलं. पावभाजीचा पाव त्यांनी तुकडे करून ताटात ठेवला आणि खाल्ला नाही. संध्याकाळी डेकवर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तीन महिने म्हणाली ना ती? नक्की तीन?"

"नक्की," मी म्हटलं.

"कारखान्यात आमच्या लॅबमध्ये मुली होत्या," ते म्हणाले. "मी कधी विचारलं नाही." मग ते आत गेले.

सोमवार, डोंबिवली

सकाळी आठला उतरलो. सुलक्षा बोळात उभी होती, अठरा खोल्यांचं सामान मार्गी लावत. शुभाताईने तिचे दोन्ही हात हातात घेतले. बोलण्यासारखं काल बोलून झालं होतं. मागून कोणीतरी मोठी बॅग ढकलत आलं आणि दोघींना बाजूला व्हावं लागलं.

मनू दुपारी अडीचला कामावरून घरी आली. मीही डोंबिवलीलाच थांबले होते. तिने चप्पल काढता काढताच आईकडे बघितलं. विचारलं नाही.

"हातपाय धू, जेव," शुभाताई म्हणाली. "मग सांगते."

जेवण झाल्यावर तिने सांगितलं. अठरा खोल्या, पाच तास झोप, पाण्याखालची खोली, शनिवारची चूक, सुलक्षाची आई. तीन महिन्यांचंही सांगितलं, काही न गाळता. मनू ऐकत होती. काही गोष्टी तिला माहीत होत्या, हे दिसत होतं. काही नव्हत्या.

"आता माझं," शुभाताई म्हणाली. "जा तू. एकच गोष्ट. काही झालं तर पहिल्या दिवशी मला सांगायचं. मी 'बघ, सांगत होते' म्हणणार नाही. कधीच नाही. हे माझं मी लिहून देऊ का?"

"नको गं आई," मनू म्हणाली.

भावोजी खुर्चीत होते. "सहापर्यंत वेळ आहे ना?" ते म्हणाले. "घाई कशाला? करार परत एकदा वाचू."

"बाबा, तू तर पहिल्या दिवसापासून हो म्हणतोयस."

"हो म्हणतोय. म्हणून वाचायचं नाही असं आहे का?"

मनूने मोबाइलवर करार उघडून वाचला. भावोजींनी तक्रारीचं कलम परत वाचायला लावलं. कोणाकडे करायची, किती दिवसांत उत्तर, कोणत्या देशाचा कायदा. तीन ठिकाणी तिला नीट सांगता आलं नाही. तिने एजन्सीला फोन लावला. दोन उत्तरं मिळाली. तिसऱ्यासाठी त्यांनी कंपनीत नेमकं कोणाला विचारायचं ते नाव दिलं, आणि ते मनूने लिहून घेतलं. पाच वाजले.

"मी दूध घेऊन येतो," भावोजी म्हणाले आणि पिशवी घेऊन खाली गेले. दूध घरात होतं.

"गेलेत तोवर पाठवून टाक," शुभाताई मनूला हळूच म्हणाली. "आल्यावर आणखी एक कलम काढतील."

मनूने नकारार्थी मान हलवली. फोन मांडीवर ठेवून ती बसून राहिली. खाली रिक्षांचे आवाज येत होते. पंचवीस मिनिटांनी भावोजी वर आले, दोन पिशव्या दूध घेऊन.

"पाठवलंस?"

"नाही. तुझी वाट बघत होते."

त्यांनी दूध फ्रिजमध्ये ठेवलं. हात धुतले, पंच्याला पुसले, परत धुतले. मग येऊन तिच्या शेजारी बसले आणि चष्मा लावून पडद्याकडे बघू लागले.

"कुठलं बटण?"

तिने दाखवलं.

"हं," ते म्हणाले. "दाब."

पाच वाजून एकेचाळीस मिनिटांनी होकार गेला.